बाटलीची सोय, शरीराची सोय

दाताच्या मुळाशी पू झालाय, गाल सुजलाय आणि रोगी खुर्चीत बसल्या बसल्या म्हणतोय, "डॉक्टर, आत्ताच्या आत्ता काढून टाका." डॉक्टर बघतात, थोडा निचरा करून देतात, गोळ्या लिहितात आणि चार-पाच दिवसांनी बोलावतात. रोग्याला वाटतं, फेऱ्या वाढवतायत. डॉक्टरांच्या मनात बरीच कारणं असू शकतात, पण त्यांतलं एक शुद्ध रसायनशास्त्राचं आहे. पू धरलेल्या जागी भूल नीट चढत नाही. औषध तेच, मात्रा तीच, सुई घालणारा हातही तोच. त्या जागेची आम्लता मात्र वाढलेली असते.

भुलीचं हे औषध बहुतेक वेळा लिग्नोकेन असतं. स्वीडनच्या निल्स लोफग्रेन आणि बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी ते १९४३ मध्ये तयार केलं. मुळात हा रेणू सौम्य अल्कली गुणाचा आहे आणि तसाच ठेवला तर पाण्यात जेमतेम विरघळतो. म्हणून त्याला हायड्रोक्लोरिक आम्लाशी जोडून त्याचा क्षार करतात. तो छान विरघळतो आणि इंजेक्शन भरता येतं. पण पाण्यात गेल्यावर हा रेणू दोन रूपांत वावरतो. एका रूपाला हायड्रोजनचा आयन चिकटलेला असतो. ते विद्युतभारित, पाण्यात रमणारं रूप. दुसरं मोकळं, भाररहित आणि चरबीत रमणारं. चेतातंतूवरचं आवरण चरबीयुक्त असतं, त्यातून आत शिरू शकतं ते फक्त हे दुसरं रूप. (आत पोचल्यावर तेच पुन्हा भारित होतं आणि सोडियमच्या वाटा बंद करतं. म्हणजे दोन्ही रूपं लागतात, पण वेगवेगळ्या वेळी.)

कोणतं रूप किती, हे भोवतीच्या सामूवर ठरतं. सामू म्हणजे आम्लता मोजण्याचा आकडा. शेतकऱ्यांना तो माती परीक्षणाच्या कागदावरून ठाऊक असतो, औषध कारखान्यात त्याला सरसकट पीएच म्हणतात. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर अल्कली. लिग्नोकेनची दोन्ही रूपं ७.९ सामूला निम्मी-निम्मी असतात. निरोगी ऊतीचा सामू ७.४ च्या आसपास, तिथे चारातला जवळजवळ एक रेणू आत शिरण्याजोगा असतो. पू झालेल्या जागी सामू ६.५ पर्यंत उतरला, तर हे प्रमाण शंभरात चारवर येतं. सुजेमुळे चेतातंतू आधीच चेकाळलेले असतात हेही खरं, पण दाराशीच एवढी गळती झाल्यावर भूल कशी चढणार!

गंमत पुढे आहे. ते इंजेक्शन बाटलीत असताना त्याचा सामू काय असतो? नुसत्या लिग्नोकेनचा साधारण ६ ते ७, पण अ‍ॅड्रेनलिन मिसळलेल्याचा ४ च्या आसपास. दातांसाठी अ‍ॅड्रेनलिन हवंच असतं. ते रक्तवाहिन्या आकुंचित करतं, त्यामुळे भूल जागेवर टिकते आणि रक्तही कमी जातं. पण अ‍ॅड्रेनलिनला उदासीन किंवा अल्कली पाणी सोसत नाही. हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन ते आधी गुलाबी, मग तपकिरी पडतं आणि निकामी होतं. आम्लात ते टिकतं. म्हणून कारखाना सामू मुद्दाम खाली ओढून ठेवतो. त्या ४ सामूला लिग्नोकेनच्या सुमारे आठ हजार रेणूंमागे एकच आत शिरण्याच्या रूपात असतो. म्हणजे जे इंजेक्शन कपाटात उत्तम टिकतं, ते त्याच अवस्थेत जवळजवळ कामाचं नसतं. हिरडीत गेल्यावर तिथल्या द्रवातलं बायकार्बोनेट ते आम्ल शमवतं, सामू वर चढतो आणि मग भूल चढते. मधल्या काळात जे झोंबतं त्यात त्या आम्लाचा मोठा वाटा असतो.

यावर साधा उपाय आहे. ८.४ टक्के सोडियम बायकार्बोनेटचा एक भाग लिग्नोकेनच्या नऊ-दहा भागांत मिसळायचा. इंजेक्शन कमी झोंबतं, हे अनेक चाचण्यांत दिसलेलं आहे. मग कारखानाच तसं मिसळून का देत नाही? कारण मिसळल्या क्षणापासून अ‍ॅड्रेनलिनचा ऱ्हास सुरू होतो, आणि बायकार्बोनेट जरा जास्त पडलं तर लिग्नोकेनच गढूळ होऊन खाली बसतं. टोचण्याआधी मिसळायचं आणि लगेच वापरायचं, एवढीच मुभा. औषधनिर्मितीत सामू सांभाळणं म्हणजे एखादा 'योग्य' आकडा शोधणं नव्हे. बाटलीला एक आकडा मानवतो, शरीराला दुसरा, आणि दोघांचं भांडण कुणाच्या तरी पदरचं घालून मिटवावं लागतं. इथे ते रोग्याच्या हिरडीच्या पदरचं घातलं जातं.

हा आकडा आला बिअरच्या कारखान्यातून. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन सोरेनसेन विकरांवर काम करत होते. आम्लता किंचित हलली तरी विकरांचा वेग पार बदलतो हे त्यांना दिसत होतं आणि ती लिहायची म्हणजे दशांश चिन्हापुढे शून्यांची रांग मांडावी लागे. १९०९ मध्ये त्यांनी ही सुटसुटीत मोजपट्टी सुचवली. तिच्यात प्रत्येक अंकाला आम्लता दहा पटींनी बदलते. म्हणून ४ आणि ७.४ हे आकडे कागदावर शेजारी वाटले, तरी त्यांच्यातलं अंतर अडीच हजार पटींचं आहे.

सामू एका जागी धरून ठेवणाऱ्या मिश्रणाला बफर म्हणतात. सौम्य आम्ल आणि त्याचाच क्षार एकत्र असले की बाहेरून थोडं आम्ल आलं तर क्षार ते गिळतो, अल्कली आली तर आम्ल ती गिळतं. कोणत्या प्रमाणात मिसळल्यावर कोणता सामू मिळेल याचं गणित लॉरेन्स हेंडरसन यांनी १९०८ मध्ये मांडलं. डेन्मार्कच्या कार्ल हासेलबाल्क यांनी त्याला पुढे आज वापरतात तसं रूप दिलं. फार्मसीच्या पहिल्या वर्षाला असलेला प्रत्येक विद्यार्थी या जोडनावाला कंटाळलेला असतो. पण त्या समीकरणात एक गोष्ट दिसत नाही, आणि व्यवहारात तीच जास्त महत्त्वाची ठरते. ती म्हणजे बफरचा जोर.

सलाइन चढवताना वापरतात त्या पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या बाटलीचा सामू बहुधा ४ ते ५ च्या दरम्यान असतो, कारण निर्जंतुक करताना उष्णतेने थोडी साखर मोडून आम्लं बनतात. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या चिंचोळ्या पट्टीत राहावा लागतो. मग असं आम्ल लिटरभर शिरेत सोडलं तरी काही बिघडत कसं नाही? फुलबाजीची ठिणगी उकळत्या पाण्याहून कितीतरी जास्त तापलेली असते, तरी हातावर उडाली तर चुटपुटता चटका बसतो. पातेलंभर पाणी सांडलं तर मात्र दवाखाना गाठावा लागतो. डेक्स्ट्रोजची आम्लता अशी ठिणगीसारखी आहे, आकडा दचकवणारा पण मागे साठा नाही. रक्तातलं बायकार्बोनेट ती सहज पचवतं. तोच ४ चा सामू भरभक्कम सायट्रेट बफर घालून धरला असता, तर शिरेने तक्रार केली असती.

डोळ्यात घालायच्या औषधांत हा विचार फार नाजूकपणे करावा लागतो. डोळ्यात एका वेळी साधारण सात मायक्रोलिटर अश्रू असतात आणि ड्रॉपरचा एक थेंब त्याच्या चार ते सात पट. काचबिंदूवरचं जुनं औषध पायलोकार्पिन बाटलीत टिकायचं तर सामू ५ च्या आसपास हवा. डोळ्यात मुरायचं तर ७ च्या जवळ. बफर जोरकस घातला तर अश्रूंना तो हटवता येत नाही. डोळा चुरचुरतो, भसाभस पाणी येतं आणि त्याबरोबर औषधही गालावर येतं. म्हणून बफर जाणूनबुजून अशक्त ठेवतात. बाटलीत सामू धरून ठेवण्यापुरता त्याचा अंमल, डोळ्यात गेल्यावर अश्रूंचं राज्य. मला या क्षेत्रातली ही सर्वात शहाणपणाची युक्ती वाटते.

पेनिसिलिनचा तर जन्मच सामूच्या खेळातून झाला. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना बुरशी १९२८ मध्ये दिसली, पण तिच्या रसातून औषध वेगळं काढणं बरीच वर्षं जमेना. आम्ल रसातून ते ईथरमध्ये ओढता येई, पण ईथर उडवून लावताना औषधच मरे. ऑक्सफर्डमधल्या नॉर्मन हीटली यांनी उलटा विचार केला. ईथरमध्ये गेलेलं पेनिसिलिन किंचित अल्कली पाण्याशी घुसळलं, तर ते पुन्हा पाण्यात यायला हवं. ते आलं. आधी आम्ल करून पाण्यातून द्रावकात, मग सामू वाढवून द्रावकातून पाण्यात, आणि हे सगळं थंडाव्यात, झटपट, कारण आम्लात पेनिसिलिन फार वेळ तग धरत नाही. द्रावक बदलले, यंत्रं अवाढव्य झाली, तरी जगभरच्या पेनिसिलिन कारखान्यांत ही ये-जा तशीच राहिली. पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, ती पेनिसिलिन देशात बनावं म्हणूनच.

शुद्ध झालेलं पेनिसिलिन जी ६ ते ७ सामूला सर्वांत कमी मोडतं, पण पाण्यात असेतो मोडत राहतंच. म्हणून ते कोरड्या पुडीच्या रूपात कुपीत येतं आणि टोचायच्या वेळी पाणी घालतात. लहान मुलांचं ड्राय सिरपही त्याच कुळातलं. उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घाला, हलवा, फ्रिजमध्ये ठेवा, आठवड्याभरात संपवा. अमॉक्सिसिलिनच्या जोडीला क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल असेल, तर त्या आठवड्याचं बंधन विशेष पाळायचं. क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल ओलाव्यात लवकर खचतं. पुडीत सामू सांभाळणारे क्षार असतात, पण तेही थोडा वेळच विकत घेतात. उरलेलं सिरप पुढच्या तापासाठी राखून ठेवणाऱ्या घरांची संख्या कमी नाही, म्हणून एवढं सांगितलं.

आता ओमेप्राझोल. अ‍ॅसिडिटीवरची ही कॅप्सूल आपल्याकडे इतकी सर्रास खाल्ली जाते की तिच्या रचनेतली करामत कुणाच्या लक्षात येत नाही. स्वीडनच्या आस्त्रा कंपनीने १९८८ मध्ये ती बाजारात आणली. या औषधाचं काम जठरातलं आम्ल थांबवणं, आणि त्याला स्वतःला आम्लाचं वावडं. सामू ४ च्या खाली असेल तर दहा मिनिटांच्या आत निम्मं औषध नष्ट होतं. ६.५ ला त्याच ऱ्हासाला अठरा तास लागतात. जठरातला सामू १.५ ते ३.५. म्हणजे नुसती पूड गिळली तर शत्रूच्या दारातच खलास.

म्हणून कॅप्सूलच्या आत बारीक दाणे असतात आणि प्रत्येक दाण्याला वेगळी तटबंदी. सर्वात बाहेरचं वेष्टण आम्लात विरघळत नाही, सामू साधारण ५.५ च्या वर गेला की विरघळतं. जठरातून दाणे शाबूत सुटतात आणि लहान आतड्यात उघडतात. पण हे वेष्टण ज्या बहुवारिकाचं करतात, तेच आम्लधर्मी असतं. ते थेट औषधाला लागलं तर औषध साठवणीतच जांभळट पडून खराब व्हायचं! मग मध्ये एक तटस्थ थर द्यावा लागतो आणि गाभ्यात औषधाबरोबर एखादा अल्कली क्षार मिसळावा लागतो. काडीच्या टोकाएवढ्या दाण्यात असे तीन प्रदेश.

आतड्यातून औषध रक्तात जातं. रक्ताचा सामू ७.४, तिथे ते भाररहित, स्वस्थ. फिरत फिरत ते जठराच्या आम्ल बनवणाऱ्या पेशींपर्यंत मागच्या दाराने पोचतं. या पेशींमधल्या सूक्ष्म नळ्यांत सामू १ च्या आसपास असतो, शरीरात इतकी आम्ल जागा दुसरी नाही. तिथे शिरताच रेणूला भार चिकटतो, त्याला बाहेर पडता येत नाही, तो साठत जातो आणि त्याच आम्लात त्याचं रूप पालटून आम्ल उपसणाऱ्या पंपाला कायमचा जखडतो. ज्या आम्लापासून त्याला वाचवत आणलं, त्याच आम्लाने तो जागा होतो. पंप अन्न पाहून कामाला लागतात, म्हणून ही कॅप्सूल जेवणाआधी घ्यायची. जेवून उठल्यावर आठवण झाली म्हणून घेणं म्हणजे अर्धं औषध वाया घालवणं.

या दाण्यांचा एक घरगुती घोटाळा. गिळता येत नाही म्हणून कॅप्सूल उघडून दाणे दुधात कालवतात. दुधाचा सामू ६.५ च्या वर. दाण्याचं वेष्टण दुधालाच आतडं समजून पेल्यातच सुटायला लागतं. ज्या कॅप्सूल उघडायला परवानगी आहे, त्यांच्याबरोबरच्या कागदावर सफरचंदाचा गर किंवा फळांचा रस सुचवलेला असतो, तो चवीसाठी नव्हे. दाणे चावायचे तर मुळीच नाहीत.

ओमेप्राझोलमध्ये सामूतला फरक ओलांडायचा होता. इन्सुलिनच्या एका प्रकारात तोच फरक औषधाचं इंजिन झाला. प्रत्येक प्रथिनाचा एक असा सामू असतो जिथे त्यावरचे धन आणि ऋण भार एकमेकांना खोडतात. तिथे ते पाण्यात सर्वांत कमी विरघळतं. इन्सुलिनसाठी तो ५.४ च्या जवळ. १९२२ मध्ये अमेरिकेच्या इलाय लिली कंपनीतल्या जॉर्ज वॉल्डन यांनी हाच गुण वापरून प्राण्यांच्या स्वादुपिंडाच्या अर्कातून बरंच शुद्ध इन्सुलिन खाली बसवलं आणि कारखान्यात ते बनवणं शक्य झालं. पुढे अनेक दशकांनी फ्रँकफर्टच्या हेक्स्ट कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी तो बिंदूच सरकवला. इन्सुलिनच्या एका साखळीच्या टोकाला दोन आर्जिनिन जोडले. बिंदू ६.७ वर गेला. हे ग्लार्जिन. ते ४ सामूच्या द्रावणात स्वच्छ विरघळतं. त्वचेखाली टोचलं की तिथल्या ७.४ मध्ये लगेच त्याचा बारीक साका होतो आणि तो साका साधारण दिवसभर हळूहळू विरघळत राहतो. साठा करण्यासाठी तेल नको, इतर प्रथिन नको. शरीराचा सामूच साठा करतो.

त्यात आणखी एक बारकावा आहे. इन्सुलिनच्या दुसऱ्या साखळीच्या टोकाशी अ‍ॅस्पॅराजिन असतं आणि ते आम्लात राहिलं की मोडतं. बाटली तर आम्लच ठेवायची होती. म्हणून त्या जागी ग्लायसिन बसवलं. रेणूतला हा बदल शरीरासाठी नव्हता, तो बाटलीसाठी होता. ग्लार्जिन दुसऱ्या इन्सुलिनबरोबर एकाच सिरिंजमध्ये ओढायचं नाही, ही सूचनाही यातूनच येते. दुसरं इन्सुलिन उदासीन सामूचं असतं, दोघं मिसळले की त्वचेखाली व्हायचा तो साका सिरिंजमध्येच होऊ लागतो. टोचताना काहींना जरा झोंबतं, तेही त्या ४ मुळेच.

आकडा दुसऱ्या टोकालाही जातो. फेफऱ्यावरचं फेनिटॉइन पाण्यात विरघळायला इतकं नाखूश असतं की त्याचं इंजेक्शन १२ सामूला ठेवतात, वर चाळीस टक्के प्रॉपिलिन ग्लायकॉल आणि दहा टक्के अल्कोहोल. हे चुकून डेक्स्ट्रोजच्या बाटलीत घातलं, तर सामू घसरतो आणि नळीत पांढरे स्फटिक तरंगू लागतात. म्हणून ते नॉर्मल सलाइनमध्येच, सावकाश, फिल्टर लावून द्यायचं. शिरेबाहेर सांडलं तर हात जांभळा पडून सुजू शकतो. त्याचा फॉस्फेट जोडलेला भाऊबंद, फॉसफेनिटॉइन, ९ च्या आतल्या सामूला विरघळतो आणि रक्तात गेल्यावर फेनिटॉइन होतो. महाग आहे, पण शिरेला मानवतो.

बफरची निवड हा विषय वरवर कोरडा, पण तिथेही अपघात दबा धरून असतात. संधिवातावरचं अ‍ॅडालिमुमॅब सुरुवातीला सायट्रेट असलेल्या बफरमध्ये येई आणि फार झोंबे. सायट्रेट काढून टाकलेली आवृत्ती आल्यावर रोग्यांनी तो फरक लगेच सांगितला. फॉस्फेट स्वस्त, जुना, विश्वासू, पण गोठवताना दगा देतो. त्याच्या दोन क्षारांपैकी डायसोडियम फॉस्फेट आधी स्फटिक होऊन बाजूला पडतं, मागे उरतं ते आम्लधर्मी, आणि उरल्यासुरल्या द्रवात सामू तीन अंकांपर्यंत कोसळू शकतो. बर्फ वितळल्यावर सामू पुन्हा जागेवर येतो. मधल्या काळात प्रथिनाचं काय झालं, ते मीटर सांगत नाही. म्हणूनच हल्लीच्या जैविक औषधांत हिस्टिडिन हे अमिनो आम्ल बफर म्हणून वारंवार दिसतं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या कोव्हिशील्डच्या घटकांच्या यादीत हिस्टिडिन होतं ते याच कामासाठी.

फायझरच्या कोविड लसीचं उदाहरण तर ताजंच आहे. ती फॉस्फेटमध्ये आली होती. २०२१ च्या अखेरीस कंपनीने तो बफर काढून ट्रिस घातला, मूळ एमआरएनए तेच ठेवून. साध्या फ्रिजमध्ये आधी महिनाभर टिकणारी लस दहा आठवडे ठेवायची मुभा मिळाली. ट्रिसचीही एक खोड आहे. थंडीत त्याचा सामू वर चढतो. २५ अंशांना ८ असेल तर ४ अंशांना तो ८.६ च्या आसपास भरतो. त्यामुळे ट्रिसचं द्रावण करताना सामू कोणत्या तापमानाला जुळवायचा, हे आधी ठरवावं लागतं.